वेळताईची तीनशे पासष्ट पानं

धक्क्यावरच्या तिसऱ्या दिव्याच्या खांबाला टेकून आत्या रोज बोटं मोजायची. तिकीटखिडकीचं कुलूप काढायच्या आधी, पर्स खांद्यावरून न उतरवता. डाव्या हातात जुना फोन, उजव्या हाताचा अंगठा करंगळीवर. फोनवर त्या दिवसाचं पान मागवायचं आणि अंगठा एकेका बोटावरून सरकवायचा. चार बोटं, चार सेकंद. तेवढ्यात पान उघडलं की फोन पर्समध्ये आणि पावलं खिडकीकडे. पाचवर गेलं तर दिवसभर कपाळाला आठी.

तिसराच खांब का, तर अख्ख्या धक्क्यावर सगळ्यांत वाईट रेंज तिथे होती.

"इथे उघडलं तर कुठेही उघडेल," ती म्हणायची. "चांगल्या रेंजमध्ये उभं राहून स्वतःची पाठ थोपटण्यात काय हशील?"

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं देण्यात तिची एकतीस वर्षं गेली. अलीकडे राहती घरं, पलीकडे इस्पितळ, कॉलेज आणि कोर्ट. लाँचने वीस मिनिटं, पुलावरून बसने दीड तास. पण लाँच घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालते. भरतीच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास ती ये-जा करते. उरलेल्या वेळात धक्क्याच्या पायऱ्यांपुढे नुसता चिखल आणि त्यात टुकुटुकु चालणारे बगळे. आणि दिवसातून दोनदा येणारी भरती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. त्यामुळे कालची वेळ आज कामाची नाही, आजची उद्या नाही.

म्हणून आमच्या भागातले लोक एकमेकांना भेटले की आधी "कसे आहात" विचारत नाहीत, "उद्या पहिली किती वाजता?" विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आत्याने खिडकीतून दिलं, भाजीच्या रांगेत दिलं, लग्नात अक्षता हातात धरून दिलं. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना बोटांनी दिलं, कारण विचारणारे डॉक्टरच होते. तिला कुणी नावाने हाक मारत नसे. ती वेळताई.

पंचेचाळिशीत तिने संध्याकाळचा संगणकाचा वर्ग लावला. वेबसाइटचं पान कसं लिहायचं ते शिकवल्यावर बाकीच्यांनी गुलाबाच्या फुलांची आणि नातवंडांची पानं केली. आत्याने 'उद्याच्या फेऱ्या' केलं. लाँचच्या ऑफिसची वेबसाइट होतीच. त्यावर साहेबांचा फोटो आणि एक कोरी जागा होती. साहेब म्हणाले, "टाका काय टाकायचं ते, कोण बघतंय?"

सगळे बघायला लागले. पुढच्या वर्षापासून आत्याने रोजचं एक अशी वर्षाची सगळी पानं आधीच लिहून ठेवायला सुरुवात केली. वर्ष संपता संपता बंदरखात्याकडून भरती-ओहोटीचं पातळ पुस्तक यायचं. त्यावरून ती फेऱ्या काढायची. हे काम चाले ओहोटीत. खिडकी बंद, समोर चिखल, चहाचा थर्मास, आणि शेजारच्या स्टुलावर सुट्टीत आलेली मी. सातवीत असल्यापासून. मी पुस्तकातून वाचायची: तारीख, वार, भरती. ती टाईप करायची. दहा पानं झाली की म्हणायची, "ठके, आता तू गप्प. मी वाचते, तू पुस्तकात बघ."

प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख असे, आणि तीही अक्षरात. 'मंगळवार, सतरा' असं.

"अंक का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं. बोटं दुखतात म्हणून नव्हे, मला बघून बघून कंटाळा आला होता म्हणून.

"अंक हाताला पाठ असतात, भलतंच लिहून मोकळे होतात. अक्षर लिहिताना हात थोडा थांबतो. तेवढ्यात चूक दिसते."

तरी चुकायचं ते चुकलंच. एका वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता आणि आम्ही दोघींनीही तो अठ्ठावीसवर संपवला. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी जो तो फोन उघडे, त्याला 'हे पान अस्तित्वात नाही' असं दिसे. लाँचचा तांडेल, म्हणजे तिचा मुख्य चालक, सुकाणूजवळ पाय पसरून बसला. "बाई, आजचा दिवसच अस्तित्वात नाही म्हणतात. मग मी कशाला असू?" पुढे कितीतरी वर्षं तो तिला दर फेब्रुवारीत विचारत असे, "बाई, यंदा किती दिवसांचा सोडलाय?"

आत्याच्या पानांची खरी उणीव मात्र वेगळी होती, आणि ती वाऱ्याच्या दिवशी उघडी पडली. भर सकाळी खाडीवर वारा उठला. तांडेलाने दहाची आणि साडेदहाची फेरी रद्द केली. आत्याने अलीकडच्या फळ्यावर खडूने लिहिलं. पण पलीकडच्या धक्क्यावर चाळीस माणसं फोनमधलं तिचं पान बघत उभी होती, आणि पान शांतपणे सांगत होतं, दहा आणि साडेदहा. दोन तास ती माणसं वाऱ्यात उभी राहिली. त्यांत एक म्हाताऱ्या आजी होत्या, डोळ्याचं ऑपरेशन करून घरी निघालेल्या. दुपारी पहिली लाँच अलीकडे लागली तेव्हा आजींचा हात धरून आत्यानेच त्यांना पायऱ्या चढवल्या. आजी काही म्हणाल्या नाहीत. त्याचंच आत्याला लागलं.

तक्रार गेली. हेड ऑफिसातून एक इंजिनीअर आला, तिशीचा, नीट इस्त्रीचा शर्ट, धक्क्याच्या शेवाळावर जपून पाय टाकणारा. त्याने आत्याची पानं बघितली आणि खरोखर नवल करत म्हणाला, "मॅडम, तीनशे पासष्ट? हाताने?"

"लीप वर्षी तीनशे सहासष्ट," तांडेल मागून म्हणाला.

इंजिनीअरने समजावून सांगितलं. आत्याची पानं स्टॅटिक. आधी लिहून ठेवलेली. कुणीही मागितलं की तेच पान उचलून द्यायचं. तो करणार ती डायनॅमिक. कुणी मागेल त्या क्षणी सर्व्हर तक्त्यातून वेळा काढणार, रद्द फेऱ्या वगळणार आणि ताजं पान बनवून देणार.

"म्हणजे माझं डब्यातलं आणि तुझं ताटात वाढलेलं गरमागरम," आत्या म्हणाली.

"अगदी बरोबर, मॅडम!"

"डबा गार असतो रे. पण उघडला की खायला मिळतो."

तो हसला. नव्या वर्षापासून आत्याची पानं काढून टाकायची आणि नवं एकच पान ठेवायचं असं ठरलं. साहेबांनी सही केली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिने हुज्जत घातली नाही. चाळीस माणसं वाऱ्यात उभी होती हे ती विसरली नव्हती. पण त्या सुट्टीत मी स्टुलावर जाऊन बसले तर भरतीचं पुस्तक खणात, वेष्टनही न काढलेलं, असं मला वाटलं.

"यंदा तुला सुट्टी," ती म्हणाली. "लोळ घरी. कादंबऱ्या वाच."

मला आनंद व्हायला हवा होता. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, वाचायचा ढीग साठला होता. पण समोर चिखल होता, थर्मास होता, आणि दोघींना करायला काही नव्हतं. आत्याने तिकिटांचे गठ्ठे पुन्हा पुन्हा सरळ केले. मग शेंगा सोलत बसली. सोलून झाल्यावर टरफलंही एका आकाराची लावली. मला कळलं की प्रश्न पानांचा नव्हता. एवढी वर्षं रोज पहाटे कुणीतरी खिडकीशी न येता तिला विचारत होतं आणि ती उत्तर देत होती. आता ते उत्तर दुसरंच कुणी देणार होतं, आणि ते खरं असेल की नाही हे तिला कळायची सोय नव्हती.

नवं पान लागून तिसरा दिवस. मला सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं द्यायची होती, म्हणून मीही पाच वाजता आत्याबरोबर धक्क्यावर गेले. सव्वापाचची पहिली फेरी होती. आदल्या दिवशी आत्यानेच सांगितलं होतं. ती तिसऱ्या खांबाला टेकली. अंगठा करंगळीवर. एक, दोन, तीन, चार. फोनवर चाक फिरत होतं. हाताला फेरा घालून अंगठा पुन्हा करंगळीवर आला, पुन्हा गेला. एकोणीसला पान उघडलं.

'आजच्या फेऱ्या. पहिली: सव्वाअकरा.'

पायऱ्यांना पाणी लागलेलं होतं. लाँचचं इंजिन धडधडत होतं. एरवी या फेरीला साठ माणसं असतात. आज मी, एक पेपरवाला आणि एक माणूस जो बहुधा कालपासून बाकावर झोपलेला होता.

"बाई," तांडेल ओरडला, "पाणी उतरायला लागलंय, माणसं कुठे ठेवलीत?"

आत्याने फोनकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, परत फोनकडे. "हे कालचं आहे," ती म्हणाली. "काल रात्रीची भरती पाचच्या आतच ओसरली, म्हणून पहिली सव्वाअकरा होती; आज पाणी अजून आहे. पानावर तारीखच नाही, नुसतं 'आज' लिहिलंय. कुणाचा आज?"

लाँच रिकामी गेली. मी गेले नाही, आत्याजवळ थांबले. पाच-पंचवीसला खिडकीतला फोन वाजला. इस्पितळातल्या नर्सबाई होत्या. एकोणीस वर्षं पहिल्या फेरीने जाणाऱ्या, एकदाही उशीर न झालेल्या. त्या बसमधून बोलत होत्या. पहिली अकराला दिसली म्हणून पुलावरून निघाल्या होत्या. त्यांची वाट बघत रात्रपाळीची मुलगी आता तासभर जास्त उभी राहणार होती.

"मी तुमचं पान बघूनच निघाले हो," नर्सबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

ते पान आपलं नाही, हे आत्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"चुकलं, बाई," ती म्हणाली. "पुन्हा नाही होणार."

मग तिने इंजिनीअरला झोपेतून उठवलं.

"अरे बाबा, तुझा तो सर्व्हर असतो कुठे?"

"बाहेरदेशी, मॅडम. का?"

"तिथे किती वाजलेत आत्ता?"

पलीकडे पुटपुटत हिशोब केल्याचं ऐकू आलं. मग अगदी बारीक आवाज. "रात्रीचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी."

"म्हणजे तिथे अजून कालच चाललाय."

त्याने पान तपासलं होतं ते दिवसा, ऑफिसात बसून. तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच. आधीचे दोन दिवस पहिली फेरी उशिराची होती, त्यामुळे पहाटे कुणी पान उघडलंच नव्हतं. "मॅडम, दोन मिनिटांत दुरुस्त करतो," तो म्हणाला.

"कर. पण साठ माणसं बसमध्ये बसली आहेत, ती दोन मिनिटांत उतरणार नाहीत."

फोन ठेवून आत्याने खण उघडला. पुस्तकाचं वेष्टन नीट कापून परत चिकटवलेलं होतं. त्यातून तिने एक पेनड्राइव्ह काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंधरवड्यापुरतीच केलीत. सवय मोडायला वेळ लागतो ना."

"आणि वाचून कुणी बघितली?"

"तुझ्या आतोबांनी." आतोबा म्हणजे तिचे यजमान, भरतीचं पुस्तक वाचताना त्यांना तिसऱ्या तारखेला झोप लागते हे सगळ्या घराला माहीत होतं. "म्हणून म्हणते, चढवायच्या आधी तू एकदा बघ."

जुना पासवर्ड अजून चालत होता. पावणेसहाला 'आज' पुसलं गेलं आणि माथ्यावर अक्षरात तारीख आली.

इंजिनीअर दुपारी स्वतः आला. शर्टाला इस्त्री नव्हती. आत्याने त्याला चहा दिला आणि सांगितलं, "तो तिसरा खांब आहे ना, त्याला टेक. तुझा फोन काढ आणि तुझं पान मागव. तोंडाने मोज."

त्याचा फोन आत्याच्या फोनच्या दसपट भारी होता. तो मोजत राहिला. चौदाला थांबून ओशाळून हसला.

"आता माझं."

"एक, दोन... आलं."

"तुला हिणवायला नाही सांगितलं," आत्या म्हणाली. ती पायरीवर बसली, तोही शेजारी बसला. शेवाळाची त्याला पर्वा राहिली नव्हती. "मला एवढंच सांग. पहिली फेरी किती वाजता, हे कोण विचारतंय त्याच्यावर ठरतं का? नर्सबाईंनी विचारलं तर एक आणि साहेबांनी विचारलं तर दुसरं?"

"नाही."

"पाणी काही माणूस बघून चढत नाही. वर्षभर आधी छापून येतं. मग ते दर वेळी नव्याने कशाला शिजवायचं? एकदा लिहून ठेव, मागेल त्याला दे."

"पण मॅडम, वाऱ्याच्या दिवशी—"

"तिथे तुझं खरं," ती लगेच म्हणाली. "वारा मला वर्षभर आधी कळत नाही. तो सकाळीच कळतो. मी चाळीस माणसं उभी ठेवली होती. ते तुझ्याकडे."

दुपारची भरती उतरायच्या आत दोघांनी तिकिटाच्या कोऱ्या पाठीवर पान आखलं. खाली वेळा: लिहून ठेवलेल्या, न हलणाऱ्या. वर एक पट्टी, जी सर्व्हर त्या त्या क्षणी भरणार: अमुक फेरी रद्द, तमुक उशिरा. पट्टीवर आत्या अडून बसली.

"आणि पट्टी आलीच नाही तर? रेंज नसली तर?"

"तर तेवढी जागा रिकामी दिसेल. वेळा दिसतीलच."

"रिकामी नको. रिकामी दिसली की लोक समजतात सगळं आलबेल आहे. तिथे लिही, 'वाऱ्याची खबर मिळालेली नाही, खिडकीवर विचारा,' आणि फोन नंबर. माहीत नसलं की माहीत नाही म्हणावं."

इंजिनीअरने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाला, "ताई," मॅडमची ताई कधी झाली ते माझ्या लक्षात आलं नाही, "ही पानं हाताने करायची मात्र गरज नाही. पुस्तकातला तक्ता द्या. एक लहानसा प्रोग्राम लिहितो, तो तुमच्यासारखीच सगळी पानं लिहून ठेवेल. वर्षातून एकदा चालवायचा."

"अक्षरात तारखेसकट?"

"अक्षरात तारखेसकट."

"किती वेळ लागेल त्याला?"

"तीनेक सेकंद."

आत्या पाण्याकडे बघत राहिली. आमचे किती ओहोटीचे तास गेले होते त्यात; मला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. ती म्हणाली, "बरं झालं. आता नुसतं वाचायचं राहिलं."

"वाचायचीही गरज नाही, ताई."

"तुला नसेल. त्याने फेब्रुवारी किती दिवसांचा धरलाय ते कोण बघणार?"

तांडेल लाँचवरून हसताना ऐकू आला.

साहेबांना मात्र सोपं उत्तर हवं होतं. "म्हणजे शेवटी नवं ठेवायचं की जुनं?"

"साहेब, धक्का हलत नाही, लाँच हलते," आत्या म्हणाली. "दोन्ही ठेवा."

त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात वारा सुटला तेव्हा पलीकडचा धक्का रिकामा होता. लोक घरीच थांबले होते. आणि नर्सबाईंना पुन्हा उशीर झाला नाही.

निवृत्त झाल्यावरही आत्या सकाळी फिरायला म्हणून धक्क्यावर जायची आणि तिसऱ्या खांबाला टेकायची. खिडकीत नवी मुलगी होती. तिला ती काही शिकवायला जात नसे. चारच्या आत उघडलं की मान हलवून परत. डिसेंबरात मी खाडीपलीकडून यायची आणि आम्ही दोघी घराच्या गॅलरीत बसून प्रोग्रामने लिहिलेली सगळी पानं मोठ्याने वाचायचो. चूक एकही सापडत नसे. आत्या खूश असायची. "किती नीट काम करतो बघ," ती म्हणायची, शेजारच्यांच्या मुलाचं कौतुक करावं तसं. पाच वर्षं असं चाललं.

ती गेली त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. झोपेतच गेली, कुणाला काही त्रास न देता. आदल्या दुपारी मी तिला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी मी येणार होते; पानं वाचायची होती. मी म्हटलं, थांब, पहिली किती वाजता ते बघून सांगते. पण तिने आधीच बघून ठेवलं होतं.

"सहा दहाची आहे," ती म्हणाली. "पावणेसहाला निघ, म्हणजे पायऱ्यांवरून धावत यायला नको. आणि स्वेटर घाल."